एसपीसीची दोन वर्षं आणि मावशीची टपरी

काकाच्या धाकट्याचं नाव यंदा एसपीसीत आलंय. परवा घरी येऊन बसला आणि ताई तिथं काय करायला लागतंय, मारतात काय, बूट कुठनं घ्यायचे, नंतर आपण डायरेक्ट पोलीस होतो काय, असं सुरू. त्याला सांगून सांगून घसा बसला म्हणून म्हटलं एकदाच लिहून टाकूया, बाकीच्या पोरांच्या पण उपयोगाला येईल. आधीच सांगतो, निपाणी कर्नाटकात असली तरी आमची बोली मराठी, आणि आम्ही निपाणीच्या पोरी मी गेलो मी आलो असंच बोलतो. पुण्याची आतेबहीण हसते. हसू दे तिला.

तर एसपीसी म्हणजे स्टुडंट पोलीस कॅडेट. मूळ केरळचं. तिथं २ ऑगस्ट २०१० ला १२७ शाळांत सुरू झालं, पी. विजयन म्हणून आयपीएस अधिकारी आहेत त्यांनी ते उभं केलं. मग केंद्रानं २०१८ च्या जुलैत सगळ्या देशासाठी चालू केलं, सरकारी शाळेतल्या आठवी नववीच्या पोरांसाठी. केरळात शाळेतल्या शिक्षकालाच कम्युनिटी पोलीस ऑफिसर म्हणतात, आमच्याकडं नोडल टीचर म्हणायचे, म्हणजे आमचे गणिताचे सर. मी आठवीत होतो, २०२२ चा जून. सरांनी वर्गात येऊन सांगितलं की याला पुस्तक नाही, परीक्षा नाही, तास पण महिन्यातनं एकच. एवढं ऐकून अर्ध्या वर्गानं हात वर केला. ग्राउंड करायला लागतंय हे त्यांनी नंतर सांगितलं, तोवर नावं लिहून झाली होती.

सिलेक्शन काही अवघड नाही रे. ग्राउंडला चार राउंड, थोड्या उठाबशा, नाव गाव विचारतात, दम लागतो काय बघतात. २२ पोरी आणि २२ पोरं घेतली, हा पण केरळचाच हिशोब. मी चौथ्या राउंडला जवळजवळ चालतच आलो पण माझ्या मागं अजून तिघी होत्या.

अवघड होतं ते घरी. पालकांची सही पाहिजे होती आणि आमच्या घरात कागद कुठलाही असो, पहिला आजोबांसमोर जातो. त्यांनी फॉर्म वाचला, घडी घातली, उशीखाली ठेवला आणि आठ दिवस काही बोललेच नाहीत. आमच्या गावाबद्दल माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. निपाणी म्हणजे तंबाखू. १९८१ ला शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी इथं तंबाखूच्या भावासाठी आंदोलन केलं, शेतकऱ्यांनी पुणे बेंगळुरू हायवे अडवला, तीन आठवड्यांच्यावर लोक रस्त्यावर बसून होते, तिथंच भाकरी तिथंच झोप, आणि ६ एप्रिलला पोलिसांनी गोळीबार केला, १२ शेतकरी गेले. आजोबा तिथं होते. ते यावर कधी सलग बोलत नाहीत. पण लहानपणापासनं मी एक बघत आलोय, रस्त्यानं एका बाजूला मुडपलेली हॅट घातलेला पोलीस आला की आजोबा बोलता बोलता थांबतात, तो पुढं गेला की मग वाक्य पुरं करतात. बाकी कुणाच्या लक्षात पण येत नाही. नवव्या दिवशी त्यांनी उशीखालनं फॉर्म काढून बाबांना दिला आणि म्हणाले, "जाऊ दे. आतनं कसं असतंय ते तरी कळंल तिला."

ड्रिलचं सांगतो. दर शनिवारी सकाळी सात वाजता. बूट एक नंबर मोठे घ्यायचे आणि दोन सॉक्स घालायचे, पहिल्या आठवड्यात टाचेला फोड येणारच, रात्री खोबरेल लावायचं. युनिफॉर्म म्हणशील तर दिवाळीपर्यंत वाट बघ. केंद्राच्या स्कीममध्ये एका शाळेला ५० हजार धरलेत म्हणे, पण आमचं कुठं अडकलं होतं देव जाणे, सहा महिने आम्ही शाळेच्याच ड्रेसवर डावा उजवा केलं. मग आधी टोपी आणि टीशर्ट आला, खाकी त्याच्या नंतर.

ड्रिल शिकवायला येणारे हेड कॉन्स्टेबल बैलहोंगल बाजूचे, पक्के कन्नड. निपाणीत बदली होऊन त्यांना चारेक महिने झाले होते. आमच्या बीटला, म्हणजे आमच्या भागाच्या गस्तीला पण तेच होते. त्यांना आम्ही सर म्हणायचो, ते सगळ्या पोरींना तंगी म्हणायचे, म्हणजे बहीण. पहिल्या दिवशी त्यांनी ऑर्डर सोडली, "एडक्के तिरुग्!" शाळेत आम्हाला कन्नड विषय आहे, एड म्हणजे डावं हे पेपरात सगळ्यांना येतं, पण ग्राउंडवर कानात एडका शिरला आणि अर्धी लाईन हसायला लागली, चारपाच जण उजवीकडं वळले, दोघं एकमेकांच्या तोंडाला तोंड लावून उभे. "बलक्के" म्हटल्यावर तर आमचा एक गडी दंड फुगवूनच उभा राहिला. सरांनी बघितलं बघितलं आणि शेवटी गणिताच्या सरांना विचारलं मराठीत कसं म्हणतात. मग पुढचे दोन आठवडे ते "डावकडे वळ" म्हणायचे. आम्ही डावीकडे म्हणून सांगायचो, ते मान हलवायचे आणि परत डावकडे. परेडची तयारी सुरू झाली तेव्हा सावधान विश्राम सगळ्यांना सारखंच आणि वळायचं कन्नडमध्ये, असं ठरलं. अजून पण मला रस्त्यात कुणी डावीकडं वळ म्हटलं की डोक्यात आधी एडक्के येतं.

महिन्याच्या तासात काय असतं? ट्रॅफिकचे नियम, बालविवाह, पोक्सो, व्यसन, आग लागली तर काय करायचं, मदतीचे नंबर, १०९८ कुणाचा, ११२ कुणाचा. बरंचसं फळ्यावर लिहून घ्यायचं. खरं सांगू काय, ते तास मला फार आठवत नाहीत. एक आठवतो, अठरा वर्षांच्या आतल्या पोरानं गाडी चालवली तर आईबापाला २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीचं रजिस्ट्रेशन वर्षभर रद्द, हे सांगितल्यावर वर्गात एकदम शांतता पसरली. कारण बाहेर सायकल स्टँडच्या मागं पाच अॅक्टिव्हा उभ्या होत्या आणि त्या शिक्षकांच्या नव्हत्या.

पोलीस स्टेशन दाखवायला नेलं तेव्हा सगळ्यांना लॉकअप बघायचं होतं. रिकामं होतं, एक चादर घडी करून ठेवलेली. पोरं नाराज. मला लक्षात राहिलं ते बाकड्यावर बसलेल्या एका बाईचं. ती तक्रार द्यायला आलेली आणि लिहून झाल्यावर कागद तिथंच ठेवून निघालेली. तिला मागं बोलावून एफआयआरची कॉपी दिली, तर ती विचारते किती द्यायचे. काही द्यायचं नसतं, कॉपी फुकट मिळते, तुमचा हक्क आहे, असं स्टेशनातल्या पोलीस मॅडम तिला कन्नडमध्ये सांगत होत्या आणि ती पर्स उघडून उभीच. शेवटी आमच्यातल्या एकीनं मराठीत सांगितलं तेव्हा तिनं पर्स बंद केली.

आमचं खरं काम कुठलं होतं ते मला तिथनंच कळायला लागलं. बीटची पद्धत अशी की एका पोलिसाला एक भाग नेमून दिलेला असतो, त्यानं तिथं फिरायचं, लोकांशी ओळख ठेवायची, म्हातारी माणसं एकटी राहतात काय, नवीन भाडेकरू कोण आलेत, कुठं भांडण धुमसतंय काय हे बघायचं. आता सरांना मराठी तोडकं आणि आमच्या गल्लीतल्या बिड्या वळणाऱ्या बायकांना कन्नड शून्य. म्हणून ते रविवारी दोघातिघांना बरोबर घ्यायचे. सही शिक्का असलेला कॅडेट वगैरे काही नाही, दुभाषी म्हणूनच.

एका म्हाताऱ्या आज्जीच्या दारात गेलो. मांडीवर सूप, सुपात कातरलेली पानं आणि तंबाखू, बोटं चाललेलीच, वर पण बघत नाही. सर म्हणाले, "निमग यारू इल्लेन्री?" मी जसंच्या तसं मराठी केलं, "आज्जी, तुम्हाला कोणी नाही काय?" झालं. सूप बाजूला. "कोण न्हाई म्हंजे? चार नातवंडं हाईत माझी! कुणी सांगितलं तुला कोण न्हाई म्हणून?" सर माझ्याकडं बघायलेत की ही एवढी का चिडली. मग मला सुचलं आणि मी म्हटलं, घरात सोबतीला कोण असतंय काय असं साहेब विचारतात. तशी ती निवळली, च्या ठेवू काय म्हणाली, आणि मग आपणहून सांगितलं की तो केवायसीवाला मेला रोज फोन करतोय, खातं बंद पडंल म्हणतोय, नंबर सांग म्हणतोय. सांगितला काय? न्हाई, मला वाचायला येतंय कुठं. सर एकदम खूश. मग १९३० नंबर तिच्या भिंतीवर खडूनं मी मोठा लिहिला. पैसे गेले की लगेच यावर फोन करायचा, उशीर करायचा नाही, हे तिला तीनदा सांगितलं. तेव्हापासनं मी जसंच्या तसं करायचं सोडलं. आधी मनात एकदा फिरवायचं आणि मग बोलायचं.

आता उरुसाचं. हे मी घरात आजोबांशिवाय कुणाला सांगितलं नव्हतं.

आठवीतला उरूस. टोपी आणि टीशर्ट नुकताच मिळालेला, गळ्यात शिट्टी. निपाणीच्या उरुसाला गर्दी म्हणजे काय असते ते गावातल्यांना सांगायला नको. आमची ड्युटी हरवलेली पोरं सांभाळायची आणि बायकांची रांग सरळ ठेवायची, एवढीच. गाडी अडवायची नाही, कुणाला ओरडायचं नाही, दंड तर लांबच, कॅडेटला पोलिसाचा कसलाच अधिकार नसतो हे शंभरदा सांगितलेलं. पण त्याच्या चार दिवस आधी तासाला कोटपा, म्हणजे तंबाखूचा कायदा झालेला, सार्वजनिक ठिकाणी बिडी सिगारेट ओढली तर दोनशेपर्यंत दंड. आणि माझ्या गळ्यात शिट्टी.

पाळण्याच्या बाजूला एक आजोबा उकिडवे बसून बिडी ओढत होते. मी जाऊन त्यांच्यासमोर शिट्टी फुंकली, जोरात, आणि म्हटलं, "आजोबा, दंड पडंल. दोनशे रुपय." त्यांनी वर बघितलं, टोपी बघितली आणि बिडी मुठीत दडवली. विझवली नाही. पेटलेलीच मुठीत धरली आणि मूठ धोतराच्या घोळात घातली आणि माझ्याकडं बघून हसायला लागले, म्हणजे हसल्यासारखं करायला लागले. मला कळेना हे हसतात का.

सर मागनं आले. त्यांनी खाली बसून आजोबांचा हात धोतरातनं काढला, एक एक बोट सोडवलं. तळहातावर चवलीएवढा डाग, पांढरा. सर काही बोलले नाहीत. रसाच्या गाड्यावरनं बर्फ आण म्हणाले, मी पळत जाऊन आणला. मग म्हणाले, "तंगी, शिट्टी कशाला दिली?"

"गर्दीसाठी."

"हे गर्दी आहे?"

मी गप्प. त्यांनी शिट्टी काढून घेतली नाही, टोपी काढ म्हणाले, फक्त तेवढ्या वेळापुरती, आणि बर्फ धरून बस म्हणाले. मी अर्धा तास तिथं बसलो. पाळणे वर जायलेत खाली यायलेत, पोरं किंचाळायलीत, माझ्या मैत्रिणी लांबनं बघायलीत. आजोबा वखारीत हमाल होते म्हणे आयुष्यभर. मधेच त्यांनी विचारलं, "पोलिसाची पोरगी हाईस काय?" मी नाही म्हटलं. "मग?" म्हणाले. त्या मगचं उत्तर मला काय देता आलं नाही.

रात्री आमच्या आजोबांना सांगितलं. वाटलं रागावतील. ते नुसते म्हणाले, "कुठला हात?"

"उजवा."

"मग जेवताना त्रास होईल त्याला," एवढं बोलून कूस बदलली.

नववीत गेल्यावर टेपचं काम आलं. शाळेपासनं १०० यार्डांच्या आत तंबाखू विकायची नाही असा तेव्हा कोटपाचा नियम होता, अठराच्या आतल्याला तर कुठंच नाही. तर शाळेच्या भोवतीच्या पानपट्ट्या मोजायच्या आणि रस्त्यावर पिवळी लाईन मारायची, असं ठरलं. आता विचार करा, निपाणीत. जिथं निम्म्या घरात सूप आहे, जिथं वखारीवरनं नुसतं चालत गेलं तरी ठसका लागतो, त्या गावात चार पोरं टेप घेऊन तंबाखू मोजायला निघाली. आमच्यातल्या एकाचे वडील गवंडी, त्यांचा तीस मीटरचा टेप आणला.

आणि शाळेच्या मागच्या गल्लीत वळणावर निळी टपरी होती ती माझ्या सख्ख्या मावशीची.

मला रात्रभर झोप नाही. १०० यार्ड म्हणजे ९१ मीटर ४४ सेंटिमीटर, हे मी पाठ करून ठेवलेलं. सकाळी मीच पुढं होऊन टेपचं टोक गेटला धरलं, गेटपासनं गल्लीनं, वळणानं, तीन पूर्ण टेप झाले आणि वर चौदा. १०४! मी एवढा खूश झालो की वहीत लगेच लिहून टाकलं, बाहेर. सर तिथं आले, वही बघितली, मग गेटकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"गेटपासनं नाही. कंपाउंडची भिंत. आणि गल्लीनं फिरून नाही, सरळ."

नियमात खरंच तसंच होतं, बाहेरच्या भिंतीपासनं सरळ रेषेत मोजायचं, गोल काढल्यासारखं. शाळेच्या मागं एक रिकामा प्लॉट होता, बाभळी, घाणेरी, कुणीतरी टाकलेलं जुनं संडासचं भांडं. त्याच्यातनं टेप ओढायचा. एक जण भिंतीवर, एक जण घाणेरीत, कुत्रं मागं लागलेलं, टेप मधे झोळ पडतोय म्हणून ताण ताण म्हणून ओरडायलोय. ६८ मीटर. परत मोजलं. ६८ आणि वर थोडं.

सर्व्हेच्या कागदावर दुकानदाराचं नाव असा रकाना होता. मी लिहिलं, निळं खोकं. सर म्हणाले मालकाचं नाव? मी म्हटलं माहीत नाही. ते टपरीकडं बघत राहिले, तिथं मावशी चुना लावायलेली, आणि मग अगदी साध्या आवाजात म्हणाले, "तिचा नाक तुझ्यासारखा आहे की."

आतमध्ये एकूण सात टपऱ्या निघाल्या. सरांनी कुणाची पावती फाडली नाही, पंधरा दिवस दिले. प्रत्येकाला सांगायला मात्र आम्हालाच पाठवलं आणि मावशीकडं मलाच. मी आधी बसलो, सुपारी कातरून दिली, तिची बीपीची गोळी संपलीय काय विचारलं, मग सांगितलं. मावशी शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाली, "गेल्या वर्षी तुझी ट्यूशनची फी कुणी भरली गं?"

तिनंच भरली होती. ह्याच टपरीतनं.

"आणि तुझी आज्जी काय वळत होती आयुष्यभर? जिलब्या?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं आणि खरं तर आजपण नाही. वखार चालते, कारखाना चालतो, लेबल लावलेले कट्टे ट्रकनं जातात, त्याला कोण टेप लावत नाही, आणि जिच्याकडं दिवसाला तीनचारशे सुटतात तिच्या दारात मी वही घेऊन. दुसऱ्या बाजूला हे पण खरं की आमच्या वर्गातली तीन पोरं मधल्या सुट्टीत तिच्याकडनंच पुडी आणायची. मला माहीत होतं, तिला पण माहीत होतं. ती म्हणायची, बापानं सांगितलंय म्हणतात, मी काय बापाला फोन लावू? तिला मी तेवढंच बोललो, त्या तिघांची नावं घेतली आणि त्यातल्या एकाच्या आईचं. ती आई मावशीच्या भिशीतली. मावशी बराच वेळ चुन्याच्या डबीचं झाकण उघडझाप करत बसली. मग म्हणाली, "खोकं हलवायला माणसं कोण देणार?"

माणसं आम्हीच. पंधराव्या दिवशी आठ कॅडेट, सर, गणिताचे सर आणि गवंडीकाका. खोक्याला चारातलं एक चाक नव्हतं, तिथं पाईप घालून ढकललं. सगळं सामान आत तसंच, बरण्या खुळखुळायलेत, मावशी पुढं चालायलेली आणि दर दहा फुटाला वळून सांगायलेली, सावकाश, गुलकंद आहे. मी टेप धरून. सर म्हणाले अजून पुढं. मावशी म्हणाली, "एक्क्याण्णव झालं न्हवं? मग आता पुढं कशाला? पुढं गटार हाय." शेवटी ९४ वर थांबलं. गटाराला चिकटून. पिवळी लाईन मारताना मावशीनं आम्हाला सगळ्यांना लिमलेटच्या गोळ्या दिल्या आणि सरांना पान. सरांनी पान घेतलं, पैसे ठेवले, मावशीनं परत दिले, सरांनी परत ठेवले, हे असं बराच वेळ चाललं. शेवटी पैसे गुलकंदाच्या बरणीखाली राहिले.

नववी संपल्यावर एसपीसी संपतं. सर्टिफिकेट मिळतं, ते लॅमिनेट करून घे, पोलीस भरतीत उपयोग होतो काय म्हणून सगळे विचारतात, आम्हाला सांगितलं होतं की हे पोलीस तयार करायला नाहीच आहे, तेव्हा त्या आशेवर जाऊ नकोस. सरांची बदली झाली. जाताना ते आमच्या घरी आले होते, दारातनंच, बसले नाहीत. आजोबा ओट्यावर होते. सरांनी त्या मुडपलेल्या हॅटसकट नमस्कार केला, आजोबांनी पण केला, आणि आजोबांचं माझ्याशी बोलणं चाललं होतं ते त्यांनी थांबवलं नाही. शेतातल्या मोटरीचं काहीतरी होतं. २०२५ च्या ऑक्टोबरात तर कर्नाटक पोलिसांची ती हॅटच गेली, आता निळी पीक कॅप आहे. आजोबांना मी पेपरातला फोटो दाखवला. "मग आता लांबनं ओळखायचं कसं?" म्हणाले.

मी यंदा पीयूसी सेकंड इयरला, म्हणजे बारावीला. आणि काकाच्या धाकट्याचं नाव एसपीसीत आलंय म्हणून त्याला घेऊन मावशीला सांगायला गेलो तर तिचं वेगळंच चाललेलं. २०२५ च्या मे महिन्यात कर्नाटकाचा नवीन कायदा आला ना, वय अठराचं एकवीस केलं, सुटी सिगारेट विकायची नाही, दंड हजारपर्यंत, आणि शाळेपासनं आता १०० यार्ड नाही, १०० मीटर. तिला कुणीतरी गिऱ्हाइकानं वाचून दाखवलेलं.

"मीटर मोठा का यार्ड मोठा गं?" तिनं विचारलं.

"मीटर," मी म्हटलं.

"किती?"

"तुझ्या हिशोबानं सहा मीटर कमी पडतात."

तिनं गटाराकडं बघितलं. मग ह्याच्याकडं बघून म्हणाली, तुझ्यात काय दम हाय बघू, जा टेप घेऊन ये, आणि गेटपासनं मोज. तो पळत गेला, गवंडीकाकांचा टेप आणला, गेटला टोक लावलं आणि तिथनं मला ओरडून विचारायला लागला, "ताई, इथनंच धरायचं काय?"

मी भिंतीकडं बोट दाखवलं. मावशी दोन दिवस झाले माझ्याशी बोललेली नाही.